घर पडतं केवढ्याला?

नमस्कार मंडळी. आजचा विषय गोव्यातल्या घरभाड्यांची तुलना. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी आधी जरा हात वर करा बघू. बरेच आहात की! दुसऱ्या रांगेतल्या ताई, तुमचं भाडं किती? चौदा हजार. कुठे? पर्वरीला. बरं. ताईंचा हा १४,००० चा आकडा सगळ्यांनी लक्षात ठेवा, शेवटी मी त्यांच्याकडे परत येणार आहे.

मी मूळची सिंधुदुर्गातल्या बांद्याची. लग्नानंतर गोव्यात आले आणि एका खासगी कंपनीत हिशेबनीस म्हणून एकोणीस वर्षं काम केलं. त्या एकोणीस वर्षांत सात घरं बदलली, सातही खासगी मालकांची. प्रत्येक घराची एक वही आहे, त्यातल्या दोन आज सोबत आणल्यात.

या विषयाचं मूळ मात्र माझ्या आईत आहे. आई शुक्रवारी बांद्याहून म्हापशाच्या बाजाराला यायची. मिरच्या, सुकी मासळी, पावसाळ्याची बेगमी. घरी परतली की शेजारणी विचारायच्या, मिरची काय भावाने आणलीस? आई भाव सांगायची नाही. ती म्हणायची, "थांब, पडली केवढ्याला ते बघूया." मग एस्टीचं जाण्यायेण्याचं भाडं, हमालाला दिलेले पैसे, तळाला निघालेली ओलसर मिरची, हे सगळं धरून ती किलोचा आकडा काढायची. कधी कधी तो आकडा बांद्याच्या दुकानातल्या भावाच्या वर जायचा, आणि पुढच्या खेपेला मिरची बांद्यातच घेतली जायची. भाव आणि पडता भाव हा फरक मी तिथे शिकले. बाजारात आपण सगळेच तो पाळतो. घर भाड्याने घेताना मात्र आपण फक्त भाव विचारतो, आणि तिथेच आपलं नुकसान होतं. मला आज एवढंच सांगायचं आहे.

आता पहिली वही. हे माझं चौथं घर, म्हापशाजवळच्या एका गावातलं. कौलारू, पुढे सोपो, मागे विहीर, अंगणात आंब्याचं झाड. भाडं १२,०००. त्याच आठवड्यात ताळगावात एक फ्लॅट बघितला होता, त्याचं भाडं १६,५००. मी पणजीत कामाला. आम्ही दोघं रात्री बसलो, साडेचार हजारांचा फरक बघितला आणि गावातलं घर घेतलं. एवढा एकच आकडा बघून. मी, जिचा दिवस ताळेबंद जुळवण्यात जातो!

करार अकरा महिन्यांचा. हे अकरा महिने कुठून आले ते बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. ते टाळायचं म्हणून सगळीकडे अकरा. आमचे अकरा महिने १ नोव्हेंबरला सुरू होऊन ३० सप्टेंबरला संपत होते. सही करताना या तारखांचा अर्थ मला कळला नाही. ऑक्टोबरपासून पर्यटकांचा सीझन. तेव्हा तेच घर मालक दिवसाच्या दराने देणार होते. म्हणजे दर वर्षी बिऱ्हाड हलवायचं हे करारातच लिहिलेलं होतं.

मार्चपर्यंत घर फार सुखाचं होतं, खोटं कशाला बोलू. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंपू, गरम पोळी, विहिरीचं गार पाणी. एप्रिलच्या मध्याला विहिरीचा तळ दिसला. नळाला पाणी एक दिवसाआड, तेही पहाटे. आम्ही टँकर मागवू लागलो. दोन महिन्यांत सहा टँकर, ९०० रुपयांचा एक. अरुंद वाटेतून तो टँकर उलटा आत घ्यायला ड्रायव्हरला वीस मिनिटं लागायची. तेवढा वेळ माझे यजमान पुढे उभे राहून हात दाखवायचे आणि कामाला उशीर व्हायचा. त्या उशिराची किंमत मी वहीत धरलेली नाही.

मग जून. माझे यजमान तबला वाजवतात. पाऊस सुरू होऊन पंधरा दिवस झाले असतील, त्यांनी तबल्यावरचा कपडा काढला तर पुडीवर पांढरी लव. अगदी मऊ, बोटाने पुसली की जायची आणि तिसऱ्या दिवशी परत यायची. नंतर चपलांवर, दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यावर, आणि शेवटी माझ्या आईच्या नऊवारीवर. ती साडी मी ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवली होती. उलगडली तर घडीच्या रेषेवर काळे ठिपके. ते ठिपके आजही आहेत. मालकांना दाखवायला नेलं, कौलं सरकली आहेत, भिंतीत ओल उतरते म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "पावसांत अशेंच जाता." पावसात असंच होतं. गोव्याचा पाऊस मला नवा नाही, पण चांगल्या शाकारलेल्या घरात भिंतीवरून ओघळ येत नाहीत. शेवटी आम्हीच माणूस लावून कौलांखाली प्लॅस्टिक घातलं.

विजेचंही सांगते. घराला स्वतंत्र मीटर नव्हता, मालकांचा सबमीटर होता आणि ते युनिटला स्वतःचा एक दर लावायचे. आपल्याकडे वीज सरकारच्या वीज खात्याची. घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महाग होते, कमी वापरणाऱ्याला कमी दर. दोन बिऱ्हाडं एका मीटरवर आली की दोघांचा वापर मिळून वरच्या टप्प्यात जातो. काटकसर आमची, आणि दर मात्र मालकांच्या एसीचा. महिन्याला ४०० रुपये तरी त्यात जास्त गेले.

सप्टेंबरअखेर आम्ही घर सोडलं. डिपॉझिट तीन महिन्यांचं, ३६,०००. परत मिळाले २५,०००. बाकीचे ११,००० रंगासाठी कापले. ज्या भिंतीची ओल मी जूनमध्ये दाखवली होती, त्याच भिंतीच्या रंगासाठी! मला त्या पैशांपेक्षा त्या बोलण्याचं वाईट वाटलं, कारण माझ्यापाशी लेखी काही नव्हतं. सगळं तोंडी.

त्या रात्री नव्या घरात, खोकी उघडायच्या आधी, मी वही उघडली. ऐका. भाडं अकरा महिन्यांचं १,३२,०००. दलालाला एका महिन्याचं भाडं, १२,०००. टेम्पो आणि हमाल ६,५००. टँकर ५,४००. पणजीला रोज जाण्यायेण्याचं पेट्रोल, आणि धो धो पावसाच्या दिवशी रिक्षा, महिना सरासरी २,४००, म्हणजे २६,४००. प्लॅस्टिक आणि बुरशीची डागडुजी ३,७००. विजेचे जादा ४,४००. डिपॉझिटमधून गेलेले ११,०००. बेरीज २,०१,४००. भागिले अकरा. घर पडलं महिना १८,३०९ रुपयांना.

आणि नवं घर कुठलं घेतलं होतं? ताळगावातच, तसाच फ्लॅट, १६,५००. ही त्याची वही. भाडं १,८१,५००. ओळखीतून मिळाल्यामुळे दलाली नाही. टेम्पो ५,०००. बसला महिना ६००, अकरा महिन्यांचे ६,६००. सोसायटीची देखभाल भाड्यातच. मीटर स्वतंत्र. पहिल्या अकरा महिन्यांची बेरीज १,९३,१००, महिना साडेसतरा हजारांच्या थोडं वर. पुढे आम्ही तिथे तीन वर्षं राहिलो, त्यामुळे टेम्पोचा खर्चही वाटला गेला आणि पडता भाव आणखी उतरला. डिपॉझिट पैनपै परत मिळालं. 'स्वस्त' घर आम्हाला दर महिन्याला सातआठशे रुपयांनी महाग पडलं होतं, शिवाय ती नऊवारी.

घरमालकांविरुद्ध बोलायला मी इथे आलेले नाही, हेही सांगायला हवं. फोंड्यात आमच्या पहिल्या घराच्या मालकीणकाकी एकट्या होत्या, मुलगा परदेशात. त्यांनी पहिल्याच दिवशी मला विचारलं होतं, "तू जाशील ना गो वेळेवर?" ती भीती कुठून आली? आपल्याकडे भाटकार म्हणजे जमीनमालक आणि मुंडकार म्हणजे त्याच्या जमिनीत घर करून राहणारा, हा इतिहास आहे, १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा आहे, आणि त्याआधीचा १९६८ चा भाडे नियंत्रण कायदा. मुंडकार वेगळा आणि भाडेकरू वेगळा, पण लोकांच्या मनात दोन्ही एकच झालेत: घरात शिरलेला माणूस निघत नाही. त्यातून घराचे वारस दहा, त्यातले सहा मुंबईला नाहीतर लिस्बनला. मग घराला कुलूप. २०११ च्या जनगणनेत गोव्यातलं साधारण पाचातलं एक घर रिकामं निघालं. ती कुलपं उघडली तर भाडी उतरतील, हे मी जिथे जाते तिथे बोलते. कुलूप उघडायला मालकाचा विश्वास लागतो, आणि तो बसतो लेखी हिशेबाने. माझी वही काकींच्याही उपयोगाची होती. दर महिन्याला त्या ती मागून घेऊन बघायच्या.

अध्यक्षांनी चिठ्ठी दिली आहे, दहा मिनिटं उरलीत. विषय तर 'गोव्यातल्या घरभाड्यांची तुलना' असा छापलाय. तेव्हा आता भरभर.

गावांची तुलना करताना आधी पाणी बघा. फोंडा आणि पणजीला ओपाच्या प्रकल्पाचं पाणी, बार्देशला अस्नोड्याचं, सासष्टीला साळावलीचं. घर कुठल्या जलवाहिनीच्या टोकाला आहे ते शेजाऱ्याला विचारा, मालकाला नको. घर बघायला शक्य तर मे महिन्यात जा, नाहीतर जुलैत. डिसेंबरात गोव्यातलं प्रत्येक घर सुंदर दिसतं.

मग कामाची जागा. कुंडईला कारखान्यात असाल तर फोंड्यात राहा, वेर्ण्याला असाल तर मडगाव नाहीतर वास्को बघा. मडगावहून रोज पणजीला येणाऱ्याने कदंबच्या शटल बसचा पास आणि दिवसाचे दोनअडीच तास धरावेत. नव्या जुवारी पुलाने वेळ वाचतो, अंतर तेवढंच राहतं. पेडण्यात मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. तिथे घर बघत असाल तर शेजारच्या घरात राहायला कोण येतं आणि किती दिवसांसाठी येतं ते आधी विचारा. पाहुणे आठवड्याआठवड्याला बदलत असतील, तर पुढचा ऑक्टोबर तुमचा नाही.

किनारपट्टीवरचं भाडं कराराच्या शेवटच्या तारखेसकट वाचायचं. करार मेअखेर किंवा सप्टेंबरअखेर संपत असेल तर त्यात एक टेम्पो आणि एक दलाली आत्ताच धरा.

कायद्याचं थोडक्यात. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा, मुक्तीनंतर गोव्यालाही लागू झाला. त्याचं कलम १०८ वाचा. करारात वेगळं ठरलेलं नसेल तर नेहमीच्या वापराने होणारी झीज भाडेकरूच्या माथी येत नाही. आणि मालकावर बंधनकारक असलेली दुरुस्ती त्याने कळवूनही वाजवी वेळेत केली नाही, तर ती आपण करून घेऊन भाड्यातून वळती करता येते. 'कळवूनही' हा शब्द महत्त्वाचा. फोटो काढा, तारखेसकट मेसेज पाठवा. मी ते केलं असतं तर ११,००० वाचले असते. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराचं डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांचं धरलंय. तो आपल्याकडे आपोआप लागू होत नाही, पण घासाघीस करताना दाखवायला उपयोगी पडतो. घर नवरा-बायको दोघांच्या मालकीचं असेल, आपल्या गोव्यातल्या नागरी कायद्याने पुष्कळदा असतं, तर करारावर दोघांची सही घ्या. पोलीस ठाण्यात द्यायच्या माहितीची प्रत स्वतःकडे ठेवा. जुन्या करपद्धतीत घरभाडे भत्त्याची सूट घेत असाल आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल, तर मालकाचा पॅन लागतो. तो देणार का, हे आधीच विचारा. नाही म्हणाले तर बुडालेली सूटही पडत्या भावात धरा.

झालं. दाराजवळच्या टेबलावर कोरे तक्ते ठेवलेत. डावीकडे खर्चाची नावं, उजवीकडे दोन रकाने, दोन घरांसाठी. खाली अकराने भागायची जागा आहे. जाताना एकेक घेऊन जा.

आता पर्वरीच्या ताई. १४,००० म्हणालात ना? मीटर स्वतंत्र आहे? आहे, छान. नोकरी कुठे, बांबोळीला? म्हणजे पूल ओलांडून रोज. स्कूटरने? बरं, पेट्रोलचा आकडा लिहून घेते. आणि मे महिन्यात टँकर किती वेळा आला होता?