बार्टलेट कोव्हची अरण्यवाट

अलास्काच्या आग्नेय किनाऱ्यावरील ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानाला बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ता नाही. अलास्काची राजधानी जुनो येथून विमानाने किंवा बोटीने गस्टेव्हस या लहानशा गावी यावे लागते, आणि तेथून निघालेली सुमारे 16 किलोमीटरची सडक बार्टलेट कोव्हच्या धक्क्यापाशी संपते. तेथील अरण्यवाट म्हणजे उद्यानाच्या निवासगृहापासून निघून वळसा घेत पुन्हा तेथेच येणारी जेमतेम 1.6 किलोमीटरची पायवाट. बहुतेक पाहुणे दिवसभर बोटीतून हिमनद्या पाहतात आणि उरलेला तासभर हिच्यासाठी ठेवतात. हा क्रम उलटा असावा असे आमचे मत आहे, कारण हिमनदी मागे सरल्यानंतर जमिनीचे काय होते, ते येथे पायी चालत पाहता येते.

सिटका स्प्रूस आणि हेमलॉक यांच्या बुंध्यांवर, उन्मळलेल्या ओंडक्यांवर आणि दगडांवर शेवाळाचा इतका जाड थर चढला आहे की हे अरण्य हजारो वर्षांचे असावे असे वाटते. प्रत्यक्षात 1750 च्या सुमारास येथे एकही झाड नव्हते. ही सारी जागा बर्फाखाली होती. पुढे सरकणाऱ्या त्याच बर्फाने हूना त्लिंगिट लोकांना त्यांच्या वस्त्या सोडायला लावल्या. त्यांचे नवे सामुदायिक गृह याच किनाऱ्यावर 2016 मध्ये उभे राहिले. 1794 मध्ये ब्रिटिश नौदल अधिकारी जॉर्ज व्हँकुव्हर यांच्या मोहिमेतील खलाशांना ग्लेशियर बे उपसागराच्या तोंडाशीच बर्फाची भिंत आडवी आली होती. आज हिमनद्या पाहायला सुमारे 100 किलोमीटर आत जावे लागते.

बर्फ हटला तेव्हा मागे उरलेल्या दगडगोट्यांत आणि वाळूत नत्र जवळजवळ नव्हते. ड्रायस आणि अल्डर या वनस्पतींच्या मुळांतील जीवाणूंनी हवेतील नत्र जमिनीत आणले, त्या मातीवर स्प्रूस वाढले आणि स्प्रूसच्या सावलीत हेमलॉक रुजले. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम कूपर यांनी 1916 मध्ये याच उपसागरात आखलेल्या चौकोनांमध्ये हा क्रम नोंदवायला सुरुवात केली, आणि त्यांच्यासारख्या अभ्यासकांच्या आग्रहामुळे 1925 मध्ये या प्रदेशाला संरक्षण मिळाले. वाटेवरची काळ्याशार पाण्याची तळीसुद्धा बर्फाचीच देणगी आहेत: हिमनदीचे मोठे तुकडे गाळात पुरले गेले, कालांतराने वितळले आणि त्यांच्या जागी खड्डे उरले.

अस्वलांची वस्तीही याच क्रमाला धरून आहे. उपसागराच्या मुखाजवळच्या या जुन्या जंगलात प्रामुख्याने काळी अस्वले राहतात, तर नुकत्याच मोकळ्या झालेल्या वरच्या उघड्या प्रदेशात तपकिरी अस्वले अधिक आढळतात. अर्थात ही सीमा अस्वलांनी मान्य केलेली नाही, त्यामुळे या वाटेवर दोहोंपैकी कोणतेही समोर येऊ शकते. केसांच्या रंगावरून ओळख पटवणे फसवे ठरते. तपकिरी अस्वलाच्या खांद्यावरचा उंचवटा ही अधिक भरवशाची खूण आहे.

पावसाची रिपरिप चालू असताना, वळणांवर आणि डेव्हिल्स क्लब या काटेरी झुडपांच्या दाटीत अस्वलाला आपली चाहूल लागत नाही, आणि अचानक गाठ पडणे हेच सर्वांत धोक्याचे असते. म्हणून घोळक्याने, मोठ्याने बोलत चालावे. पिशवीला बांधलेल्या लहान घंटेचा आवाज पुरेसा नसतो. अस्वल दिसले तर निदान 100 यार्डांचे अंतर राखावे आणि कोणत्याही परिस्थितीत पळू नये, कारण पळणाऱ्याचा पाठलाग करण्याची त्याची प्रवृत्ती असते.

वाटेचा उत्तरार्ध किनाऱ्यालगत जातो, आणि सावधगिरी येथेही सोडता येत नाही. वसंतात अस्वले भरतीरेषेजवळचे कोवळे गवत खायला आणि दगडांखालचे जलचर शोधायला याच पट्ट्यात उतरतात. जवळच्या तळावर तंबू ठोकणाऱ्यांना अन्न अस्वलांना उघडता येणार नाही अशा कोठीत ठेवावे लागते, आणि स्वयंपाक व जेवण भरतीरेषेच्या खालीच उरकावे लागते. सांडलेले कण आणि त्यांचा वास पुढच्या भरतीबरोबर वाहून जातो, त्यामुळे माणसाच्या अन्नाची चटक अस्वलाला लागत नाही.