पडद्यामागचा अलू

(दृश्य : वडोदरा, दांडिया बाजार. सकाळी ओट्यावर पेपर उघडून बसलेल्या आजी.)

मथळ्याची कडेची अक्षरं आजींना दिसतात. नजर रोखावी ते अक्षर मात्र पुसल्यासारखं होतं. मग मान तिरकी करून त्या वाचतात. दारात कोण आलं, ते आवाजावरून ओळखतात. मोतीबिंदू कधीच निघालाय. हे दुखणं डोळ्याच्या पडद्याचं आहे. वयोमानाने मॅक्युला, म्हणजे पडद्याचा मधला भाग, झिजतो. एक डोळा चांगला असला की दुसऱ्यातला दोष लवकर ध्यानातही येत नाही. साठीनंतर एकेक डोळा झाकून बघायलाच हवं.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली पडद्यामागचा पेशींचा थर.)

पडद्याला पोसणाऱ्या आणि त्याचा कचरा उचलणाऱ्या या रंगद्रव्यपेशी. मॅक्युला झिजण्याच्या या आजाराच्या कोरड्या प्रकारात शेवटी याच मरतात. का? एक धागा आपल्या डीएनएत सापडतो.

आपला जवळजवळ निम्मा डीएनए जागा बदलणाऱ्या तुकड्यांपासून बनलेला आहे. असे तुकडे मक्यात शोधणाऱ्या बार्बरा मॅक्लिंटॉक यांना १९८३ साली नोबेल मिळालं. त्यांतलाच एक तुकडा अलू. लांबी डीएनएची सुमारे ३०० अक्षरं, आणि आपल्या जनुकसंचात त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती! असा कुठलाही तुकडा उडी मारून भलत्या जनुकात घुसला की रोग होऊ शकतो. हिमोफिलियाची, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराची, अशी उदाहरणं १९८८ साली सापडली; तिथे घुसलेला तुकडा मात्र अलू नव्हता, एल१ नावाचा दुसरा होता.

पण अलूला उडी मारावीही लागत नाही. नुसता त्याचा आरएनए, म्हणजे त्याच्यावरून उतरलेली प्रत, साठला तरी पुरतं. एरवी डायसर नावाचं एन्झाइम त्याचे बारीक तुकडे करत असतं. २०११ साली नेत्रसंशोधक जयकृष्ण अंबाटी यांच्या गटाने दान केलेले रुग्णांचे डोळे तपासले. डायसर घटलेलं होतं, अलू आरएनए साचलेला होता. पुढच्याच वर्षी कळलं, की हा साठा पेशीतली इन्फ्लमसोम ही धोक्याचा इशारा देणारी यंत्रणा चेतवतो आणि पेशी मरते. घरच्याच माणसाला चोर समजून मारावं, तसं होतं हे.

एचआयव्हीवरची काही जुनी औषधं ही यंत्रणा थोपवतात आणि पेशी वाचवतात, असं २०१४ साली उंदरांत दिसलं. मला यात खरी आशा वाटते. पण मेलेल्या पेशी त्याने परत येत नाहीत, आणि उंदरांवरच्या प्रयोगाच्या भरवशावर ही औषधं डोळ्यांसाठी कुणीही आपल्या मनाने सुरू करू नयेत.