मासा पांढरा पडला म्हणून लगेच तांब्याचं औषध नको

मंडळी, खाऱ्या पाण्याच्या टाकीत आणलेल्या नव्या क्लाउनफिशचे रंग नंतर बघा, आधी कल्ले बघा. मासा शांत असताना कल्ल्यांची उघडझाप पूर्ण एक मिनिट मोजा. आकडा 80 च्या वर गेला तर अंगावर डाग नसला तरी सावध व्हा, कारण बहुतेक परजीवी आधी कल्ल्यांतच शिरतात.

पांढरेपणा तीन तऱ्हांचा असतो. मिठाच्या खड्यासारखे सुटे, मोजता येणारे ठिपके म्हणजे इक. (इक आणि पुढचे दोन्ही, हे परजीवींचे रोग.) पिठी भुरभुरल्यासारखी बारीक धूळ, मासा उजेड टाळतोय, पंपाच्या धारेत तोंड घालून उभा आहे, म्हणजे वेल्वेट. यात कधीकधी दोन दिवसांत खेळ संपतो. आणि अंगावरून बुळबुळीत सालपट निघतंय, जणू त्वचा सोलतेय, तर ब्रुकलिनेला. समुद्रातून पकडलेल्या क्लाउनफिशला हा तिसराच फार छळतो, आणि नेमका त्याच्यावर तांब्याचा भरवसा नाही. तांबं घालून वाट बघत बसलात तर मासा गेलाच.

ब्रुकलिनेलाला फॉर्मॅलिन, म्हणजे फॉर्मल्डिहाइडचं द्रावण. 37 टक्क्यांचं फॉर्मॅलिन, 10 लिटर खाऱ्या पाण्यात 2 मिली, त्यात माशाला 45 मिनिटं अंघोळ. एअर स्टोन (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) जोरात चालू हवा, कारण फॉर्मॅलिन पाण्यातला प्राणवायू खातं. मासा आडवा पडू लागला तर घड्याळ न बघता बाहेर काढा. बाटलीच्या तळाशी पांढरा गाळ असेल तर ती फेकायची, तो गाळ माशाला विषारी. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. अंघोळीनंतर मासा जुन्या टाकीत परत सोडू नका. तिथे परजीवी शिल्लक असतोच. स्वच्छ, धुतलेल्या टाकीत सोडा.

इक आणि वेल्वेटला तांबं, पण कुठलं? इथेच सगळ्यात जास्त मासे मरतात. चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या रेणूंनी बांधून ठेवलेल्या, तांब्याची मात्रा लिटरला 2 ते 2.5 मिलिग्रॅम. साध्या आयनिक, म्हणजे पाण्यात मोकळ्या असलेल्या, तांब्याची 0.15 ते 0.20. दहापटीहून जास्त फरक! एका बाटलीचा आकडा दुसरीला लावला की एकतर औषध लागू पडत नाही, नाहीतर मासा विषबाधेने जातो. टेस्ट किटही त्या तांब्याला चालणारं हवं. मात्रा दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवा, रोज मोजा आणि 30 दिवस टिकवा. ठिपके आठवड्यात जातील, त्याला भुलू नका: इकचा किडा माशाच्या कातडीखाली असतो तेव्हा तांबं त्याला शिवत नाही, तो गळून तळाशी कोष करतो तेव्हाही नाही. कोष फुटून पिल्लं पोहायला लागली की तेवढ्यातच ती मरतात.

हे सगळं उपचाराच्या वेगळ्या, मोकळ्या तळाच्या टाकीत. 40 लिटर, स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसीचे तुकडे. वाळू आणि दगड नकोत, ते तांबं शोषतात. प्रवाळ, कोळंबी, गोगलगाई यांच्या टाकीत तर तांबं कधीच नाही. आणि तांब्याच्या जोडीला अमोनिया (माशांच्या घाणीतून होणारं विष) बांधणारं औषध घालू नका, तांबं एकदम विषारी होऊ शकतं. अमोनिया चढला तर पाणी बदला, आणि नव्या पाण्यात तेवढंच तांबं आधी मिसळून घ्या.

मुख्य टाकीत इक शिरला असेल तर तिथले सगळे मासे बाहेर काढा आणि ती 76 दिवस माशांविना चालू ठेवा. जाळी आणि बादल्या दोन्ही टाक्यांच्या वेगळ्या.