नकाशावरचा चढ, जमिनीवरचा चढ

[दृश्य : द्रास. श्रीनगर–लेह महामार्ग, मागे टोलोलिंग.]

१९९९चा मे महिना, कारगिलचं युद्ध. टोलोलिंगच्या धारेवर घुसखोर बसलेत आणि खालच्या महामार्गावरची गाडीन् गाडी त्यांना दिसतेय. पायदळाचा नेहमीचा नकाशा म्हणजे १:५०,०००ची टोपोशीट. तिच्यावरचा १ मिलिमीटर म्हणजे डोंगरावरचे ५० मीटर. दगड रचून केलेला लपायचा आडोसा त्यात कुठे सापडणार? दोन समोच्च रेषांच्या मध्ये दहा मीटरचा सरळ कातळ असला, तरी तो कागदावर उमटेलच असं नाही.

तोफखान्याचं दुखणं निराळं. लक्ष्य किती लांब आहे एवढ्यावर भागत नाही, ते तोफेपेक्षा किती उंच आहे हेही लागतं. उभ्या उतारावर जागा चुकली की उंचीही चुकते. ४५ अंशांच्या चढावर ५० मीटरची आडवी चूक ५० मीटरची उभी चूक होऊन बसते.

[दृश्य : उपग्रहातून टिपलेल्या डोंगररांगा.]

५ मे २००५ रोजी इस्रोने कार्टोसॅट-१ सोडला. एक कॅमेरा पुढे रोखलेला, दुसरा मागे. तोच डोंगर दोन कोनांतून टिपायचा आणि चित्रांमधल्या फरकावरून उंची काढायची. आपले दोन डोळे हेच करतात. उंचीचा असा आराखडा हाती आला की या सोंडेवरून कुठली घळ दिसते आणि कुठली आडोशाला आहे, हे संगणक दाखवतो.

यात एक मेख आहे. जुन्या भारतीय टोपोशीट १८३०च्या एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या गृहीत धरलेल्या आकारावर) बेतलेल्या, तर जीपीएस चालतं डब्ल्यूजीएस-८४ या दुसऱ्या आकारावर. पृथ्वीचा आकार दोघांनी वेगळा धरलाय. म्हणून अक्षांश-रेखांशाचे आकडे तेच, पण जागा दुसरी. रूपांतर विसरलं, तर महागडा उपग्रहही चुकीच्या ठिकाणीच बोट ठेवणार.

[दृश्य : कालव्याकाठी थांबलेले रणगाडे.]

खरं सांगायचं तर वरून टिपलेल्या चित्रांचं कौतुक जरा जास्तच होतं. ४० टनांहून जड रणगाडा इथे चालेल की रुतेल, हे नुसत्या चित्रावरून कळत नाही. माती कसली, पाणी किती खोल, काठ किती उभा? पंजाबातलं उन्हाळ्यात टणक असलेलं शेत भातलावणीत चिखल होतं.

हिमालयातला बर्फ तर काही तासांत बदलतो. डीआरडीओने २०२० मध्ये हिमस्खलनाचा आणि भूप्रदेशाचा अभ्यास करणाऱ्या दोन प्रयोगशाळा एकत्र केल्या आणि डीजीआरई ही एकच प्रयोगशाळा उभी राहिली. उताराचा कोन उपग्रहावरून मिळतो. वरचा बर्फ ज्यावरून घसरतो तो कच्चा थर शोधायला मात्र अजूनही कुणीतरी फावडं घेऊन खड्डा खणतं. ती नोंद वेळेत नकाशावर चढली, तरच गस्तीला निघालेल्या तुकडीला वाट बदलता येते.