नळ कोरडा पडला, तरी घरात पाणी असतं

(मंडळाच्या मेळाव्यातील विद्यार्थी-वाचक सत्रातल्या भाषणाचा संपादित मजकूर)

नमस्कार मंडळी.

नील आणि जॅरड शुस्टरमन या बापलेकांची ‘ड्राय’ ही कादंबरी २०१८ साली आली. ती किशोरवयीनांसाठी असली तरी इथे बसलेल्या काका-काकूंनीही वाचावी, कारण ती आपल्याच दक्षिण कॅलिफोर्नियात घडते. ॲरिझोना आणि नेवाडा पाण्याचा समझोता मोडतात, आणि अलिसा नावाच्या मुलीच्या स्वयंपाकघरातला नळ घरघर करून बंद पडतो. पुढच्या काही दिवसांत शेजारी शेजाऱ्याच्या जिवावर उठतो.

कादंबरी थरारक आहे, पण तिचं कारण मला पटलं नाही. कोलोरॅडो नदीच्या पाणीवाटपात कॅलिफोर्नियाची बाजू भक्कम आहे. १९६८च्या कायद्याने ॲरिझोनाच्या मोठ्या कालव्याचा हक्क कॅलिफोर्नियाच्या हक्काच्या मागे ठेवला. म्हणून २०२२ साली पहिली अधिकृत कपात लागू झाली तेव्हा ॲरिझोनाचं सुमारे १८ टक्के पाणी गेलं, कॅलिफोर्नियाचं तेव्हा काहीच गेलं नाही.

दुसरं म्हणजे, दुष्काळ सांगून येतो. जुलै २०२२मध्ये याच नदीवरच्या धरणामागच्या मीड सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून १,०४० फुटांपर्यंत उतरली. धरणातून पाणी खाली सोडताच येणार नाही ती पातळी ८९५ फूट, आणि मधल्या प्रत्येक फुटाची रोज नोंद होते. केपटाउनने फेब्रुवारी २०१८पासून माणशी ५० लिटरची मर्यादा घातली, तीही आधी जाहीर करून. आपल्या लातूरचंच घ्या. मांजरा धरण आटलं, मार्च २०१६मध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी १४४ कलम लावावं लागलं, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. म्हणजे पाण्यावरून मारामारीची भीती शुस्टरमननी हवेतून काढलेली नाही. पण लातूरचा नळ एका दुपारीत आटला नव्हता.

आपल्याकडे नळ एका दुपारीत बंद पडलाच, तर तो बहुधा भूकंपाने. कोलोरॅडोचं पाणी पार्कर धरणापासून २४२ मैल कालव्यातून येतं, वाटेत पाच पंपिंग स्टेशनं ते एकूण १,६०० फुटांहून जास्त वर चढवतात. हा कालवा असो, लॉस एंजेलिसचा १९१३चा असो की उत्तरेकडून येणारा, बाहेरून पाणी आणणारे सगळे मोठे कालवे सॅन अँड्रियास भ्रंश, म्हणजे भूकंप घडवणारी जमिनीतली मोठी भेग, ओलांडतात. गावातल्या पाइपलाइन फुटल्या की दाब उतरतो. दाब उतरला की फुटक्या सांध्यांतून बाहेरचं गढूळ पाणी आत ओढलं जातं. म्हणून नळ पुन्हा सुरू झाला तरी ‘उकळून प्या’ अशी सूचना असते, आणि ती मागे घेईपर्यंत पाळायची असते.

आता घरातलं पाणी. अलिसाला दुकानातला बर्फ सुचतो, आणि ते हुशारीचंच आहे. पण बहुतेक स्वतंत्र घरांत वॉटर हीटरची ४० ते ५० गॅलनची टाकी असते, म्हणजे दीडशे ते एकशे नव्वद लिटर पाणी. ते असं काढायचं: आधी गॅस किंवा विजेचा ब्रेकर बंद. मग टाकीत थंड पाणी येतं तो व्हॉल्व्ह बंद, नाहीतर लाइनमधलं दूषित पाणी चांगल्या पाण्यात मिसळतं. पाणी काही तास निवू द्या, ते अंग भाजण्याइतकं गरम असतं. घरातला गरम पाण्याचा एखादा नळ उघडा ठेवा. इथेच बहुतेकांचं चुकतं. हवा आत गेली नाही तर खालून नुसती धार ठिबकते आणि टाकी रिकामी आहे असं वाटतं. शेवटी तळाच्या तोटीला पाइप लावून स्वच्छ भांड्यात पाणी घ्या. पहिलं पाणी गाळाचं, तांबूस येतं. ते फ्लशला वापरा. आणि टाकी पुन्हा पूर्ण भरेपर्यंत हीटर सुरू करू नका, विजेचा असेल तर कोरडी कॉइल जळते. टाकी नसलेला हीटर असेल तर हे सगळं विसरा. त्यात साठा नसतो.

संडासाच्या वरच्या टाकीतलं पाणीही उपयोगी, त्यात निळी गोळी टाकलेली नसेल तर. स्विमिंग पूलचं पाणी धुण्याला आणि फ्लशला ठीक, पिऊ नये. त्यातली रसायनं उकळून जात नाहीत.

शंका असेल ते पाणी खळखळून एक मिनिट उकळा, साडेसहा हजार फुटांच्या वरच्या गावात तीन मिनिटं. इंधन नसेल तर साधा, वास नसलेला ब्लीच: बाटलीवर ६ टक्के असेल तर गॅलनला ८ थेंब, ८.२५ टक्के असेल तर ६. पाणी गढूळ असेल तर आधी फडक्याने गाळा आणि थेंब दुप्पट करा. अर्धा तास थांबल्यावर क्लोरीनचा हलका वास यायला हवा. नाही आला तर तेवढेच थेंब पुन्हा टाकून पंधरा मिनिटं थांबा. वर्षभर गॅरेजमध्ये पडलेल्या ब्लीचची ताकद उतरलेली असते, त्यावर भिस्त ठेवू नका. सुगंधी किंवा कपड्यांचे रंग जपणारा ब्लीच तर नकोच.

साठा किती? माणशी रोज एक गॅलन, त्यातलं साधारण अर्धं पिण्याला. चौघांच्या घराला दोन आठवड्यांसाठी ५६ गॅलन. त्याचं वजन दोनशे किलोंच्या वर जातं, तेव्हा माळ्यावर ठेवायचा विचारही नको. स्वतः भरलेलं पाणी दर सहा महिन्यांनी बदला. आणि कादंबरीतल्यासारखं घोट-घोट मोजत बसू नका. आज तहान आहे तेवढं आज प्या, उन्हातली धावपळ टाळा. पाणी बाटलीत शिल्लक असताना उष्माघाताने आडवं होण्यात शहाणपण नाही. आपल्या स्वयंपाकाचंही तसंच. डाळ-भात, उसळी, मागाहून घासायची भांडी, या सगळ्यांना पाणी लागतं. चुरमुरे, दाणे, लाडू, डबाबंद छोले जवळ असलेले बरे.

बाकी पुस्तक म्हणून ‘ड्राय’ वेगाने वाचून होतं. वेगवेगळी मुलं आळीपाळीने गोष्ट सांगतात, आणि अलिसाचा शेजारी केल्टन, ज्याचं घरच किल्ल्यासारखं सज्ज आहे, तो मला सगळ्यांत खरा वाटला. तयारी असलेलं घरच सगळ्यांच्या डोळ्यांत भरतं, हे त्याच्या आईवडिलांच्या उशिरा लक्षात येतं. पुस्तकात बंदुका आहेत, मृत्यू आहेत. सहावी-सातवीतल्या मुलाच्या हाती देण्याआधी आई किंवा बाबांपैकी एकाने ते वाचून बघावं.