मंडळाचं खातं आणि मशीनचा संशय

(बँका आणि वित्तसंस्थांमधल्या मंडळींसाठी मुंबईत ठेवलेल्या न्याहारीच्या बैठकीतलं यजमानांचं भाषण, संपादित.)

नमस्कार. साडेआठला बोलावलं म्हणून काहींनी आल्या आल्या मला ऐकवलंच. पण संध्याकाळी बोलावलं असतं तर निम्म्यांचं लक्ष फास्ट लोकलकडे लागलं असतं. तुम्ही खात राहा, मी साबुदाणा वडे संपेपर्यंतच बोलणार आहे. स्लाइड मुद्दाम ठेवलेल्या नाहीत. निमंत्रणात एकच अट होती, एआय वापरताना तुमच्याकडे काय फसलं ते घेऊन या. यशाच्या गोष्टी सॉफ्टवेअर विकणारे सांगतातच.

पहिली फजिती माझी.

मी ज्या बँकेत होतो तिथे म्यूल खाती हुडकायला एक प्रणाली बसवली. भाड्यानं दिलेलं खातं, त्यात फसवणुकीचा पैसा येतो आणि काही मिनिटांत पुढे सरकतो, हे तुम्हाला सांगायला नको. जुने नियम ठोकळ होते. अमुक रकमेच्या वर गेलं की इशारा. चोर त्या रकमेच्या खालीच खेळायचे. मशीन वेगळं बघतं. खातं किती दिवस झोपलेलं होतं, आधी रुपया-दोन रुपये पाठवून कुणी चाचपणी केली का, आलेला पैसा किती वेळ टिकला. रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबनं केलेलं, डिसेंबर 2024 च्या पतधोरणात जाहीर झालेलं म्यूलहंटर हे एआय साधन याच कामासाठी आहे.

तर भाद्रपद आला आणि आमच्या यादीत एक गणेशोत्सव मंडळ झळकलं. मशीनच्या जागी बसून बघा. अकरा महिने खात्यात सामसूम. मग आठवडाभरात शेकडो अनोळखी लोकांकडून यूपीआयनं 51, 101, 251 रुपये. आणि जमलं की लगेच सगळं मांडववाल्याला. संशय यायला आणखी काय हवं? चतुर्थीच्या आदल्या दिवशी खातं गोठलं. खजिनदार शाखेत आले, मागे दहा कार्यकर्ते. शाखाधिकारी बाईंचा मला फोन. म्हणाल्या, "साहेब, त्यातले 501 माझेच आहेत."

उसाच्या बिलाचंही तेच झालं. महिनोन्‌महिने शांत खातं, एकदम मोठी रक्कम, आणि दोन दिवसांत सोसायटीचं कर्ज, खताची उधारी फेडून पुन्हा रिकामं. प्रणाली पगारदारांच्या खात्यांवर शिकलेली. पहिली तारीख तिला कळायची, गळीत हंगाम कळत नव्हता.

नावांचा घोळ तर विचारूच नका. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं आडनाव बदलतं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव येतं, काही घरांत पहिलं नावही बदलतात. आधारवर एक, जुन्या पासबुकावर दुसरं. काउंटरवरचा क्लार्क "माहेरचं नाव का?" एवढं विचारून मोकळा होतो. आमच्या केवायसी जुळणीनं मात्र दोन वेगळ्या बायका ठरवल्या.

मग आम्ही काय केलं? खातं गोठवायचा अधिकार मशीनकडून काढून घेतला. संशय आला की शाखेला कारणांसह कळवायचं, कारणं मराठीत, तीनच. शाखा "खरं" किंवा "आपलं गिऱ्हाईक" अशी खूण करणार आणि त्या खुणांवर प्रणाली पुन्हा शिकणार. याला किंमत आहे. शाखेनं बघेपर्यंतच्या वेळात खरा चोर पैसे काढून जाऊ शकतो. म्हणून मोठी रक्कम बाहेर जात असेल तर तेवढा व्यवहार थांबवून ठेवतो, खातं चालू राहतं. तरी काही निसटले. मी ते लपवत नाही.

आयआयटी मुंबईचे पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखाली वित्तक्षेत्रात एआय जबाबदारीनं कसं वापरावं यासाठी रिझर्व्ह बँकेनं नेमलेल्या समितीचा अहवाल ऑगस्ट 2025 मध्ये आला. त्यात 7 सूत्रं आणि 26 शिफारशी आहेत. उत्तरदायित्व हे एक सूत्र, निर्णय समजण्याजोगा हवा हे दुसरं. शाखेत उभ्या असलेल्या खजिनदाराला "सिस्टीमनं केलं" हे उत्तर चालत नाही, तेच तिथे कागदावर आलंय.

चॅटबॉटवर मी बोलणार नाही. शिल्लक विचारायला तो ठीक आहे.

मंडळाचं खातं त्याच संध्याकाळी सुरू झालं. पुढच्या भाद्रपदाआधी शाखांकडून मंडळांची यादी मागवली, तरी दोन सुटलीच. त्यांची नोंदणी सोसायटीच्या नावानं होती. चला, चहा आलाय. खिडकीजवळच्या पतसंस्थेच्या ताई, सोनेतारणाचं काय झालं ते तुम्ही सांगणार होतात ना?