सलग दोन क्रूझ, मधे केबिन बदल: रात्री बॅग बाहेर ठेवू नका!

नमस्कार मंडळी!

मागच्या सिंगापूरच्या व्हिडिओत मी बोलता बोलता सांगून गेले की आम्ही एकाच जहाजावर लागोपाठ दोन क्रूझ केल्या आणि मधे केबिन बदलली. तेव्हापासून सगळे तेच विचारून राहिले आहेत. कमेंटमधे तर आहेतच, पण परवा धरमपेठेत भाजी घेताना एका काकूंनी हात धरून थांबवलं. "अगं, ते केबिन बदलायचं नीट सांग बाई, आमचं डिसेंबरचं बुकिंग झालंय." तर काकू, हा व्हिडिओ तुमच्यासाठी.

आधी साधं ते पटकन उरकते. पहिली क्रूझ सकाळी बंदरात संपते, त्याच जहाजाची दुसरी संध्याकाळी तिथूनच निघते. तुमच्यासाठी एक लांब प्रवास, पण जहाजाच्या हिशेबात दोन वेगळी बुकिंग. त्यामुळे केबिनचं कार्ड नवं, बिल नवं, वायफायचं आणि ड्रिंक्सचं पॅकेजही नवं. पहिल्याचे उरलेले दिवस दुसऱ्यात येत नाहीत. दोन्हीला एकच केबिन नंबर मिळाला तर सामान हलवायचा प्रश्नच नाही. म्हणून बुकिंग करतानाच एजंटला विचारा, "दोन्ही तारखांना रिकामी असलेली एकच केबिन बघा." आणि "गॅरंटी केबिन" नावाचा जो स्वस्त प्रकार असतो ना, ज्यात नंबर कंपनी नंतर देते, तो दोन्हीला घेतलात तर केबिन बदलणार हे धरूनच चाला. आम्ही पहिली आतली घेतली होती, बिनखिडकीची, आणि दुसरी बाल्कनीची. मुद्दाम. पैसेही वाचले आणि बाल्कनीही मिळाली.

झालं. आता खरा मुद्दा.

(टॅग कॅमेऱ्यासमोर धरून)

हे बघा. क्रूझच्या शेवटच्या दिवशी असले टॅग केबिनमधे ठेवलेले असतात. रंग वेगळा, नंबर वेगळा. उतरणाऱ्यांनी ते बॅगेला बांधायचे आणि रात्री दहा-अकराच्या आत बॅग दाराबाहेर ठेवायची. तुम्ही उतरणार नाही आहात. तुम्ही फक्त केबिन बदलणार आहात. तुमची बॅग रात्री बाहेर जाणार नाही. टॅग मिळाला तरी नाही, शेजारच्या सगळ्या दारांसमोर बॅगा दिसल्या तरी नाही.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. आम्ही पाच जण होतो. आम्ही दोघं, दीर-जाऊबाई आणि सासरे. टॅग सगळ्या केबिनमधे आले, आमच्याही. रात्री जेवून येताना जाऊबाईंनी पाहिलं की अख्ख्या पॅसेजमधे बॅगा लागल्या आहेत. त्यांना वाटलं, आपणच मागे राहिलो. त्यांनी सासऱ्यांची निळी बॅग, हँडलला नारंगी लेस बांधलेली, टॅग लावून बाहेर ठेवली. सकाळी साडेसहाला दार उघडलं तर पॅसेज स्वच्छ. एकही बॅग नाही.

सासरे इन्सुलिन घेतात. इन्सुलिनचे पेन केबिनच्या छोट्या फ्रिजमधे होते, पण पेनला लावायच्या सुया त्या निळ्या बॅगेत. म्हणजे औषध हातात, घ्यायचं कसं? नाश्ता थांबवून आम्ही जहाजावरच्या दवाखान्यात धावलो, तिथून सुया मिळाल्या. बॅग मिळाली अकराच्या पुढे. खाली टर्मिनलच्या त्या एवढ्या मोठ्या हॉलमधे, सगळे प्रवासी निघून गेल्यावर, एका खांबाजवळ एकटी उभी. ती नारंगी लेस दिसली आणि जाऊबाईंच्या डोळ्यात पाणीच आलं.

आता हेच दुसऱ्या बाजूने बघा. रात्री बॅगा उचलणारी मुलं तुमच्या केबिनची नसतात. त्यांच्याकडे शेकडो बॅगा, कमी वेळ. पॅसेजमधली बॅग उचलायची, लोखंडी पिंजऱ्यात भरायची, पिंजरा खाली न्यायचा. सकाळी जहाज लागलं की पिंजरे थेट धक्क्यावर उतरतात. कोण राहणार, कोण जाणार, हे त्या मुलांना कसं कळणार? लग्नाच्या कार्यालयात बघा. वरातीची बस निघताना ओसरीवरच्या बॅगा पोरं भराभर टपावर चढवतात. ज्याला दोन दिवस मुक्काम करायचा आहे त्याची बॅगही त्या ढिगात असेल तर तीही गावाला जाते. त्यात पोरांची चूक नाही, बॅग ओसरीवर होती ही चूक आहे.

एका दादांनी लिहिलंय, "ताई, आम्ही टॅगवर नवीन केबिनचा नंबर पेनाने लिहून बाहेर ठेवू, चालेल ना?" नाही चालणार, दादा! पिंजऱ्यात गेलेली बॅग कोणी वाचत बसत नाही. नवीन नंबर लिहायचाच आहे, पण चिठ्ठीवर. मोठ्या अक्षरात नाव, जुनी केबिन, नवी केबिन. ती चिठ्ठी बॅगेला बांधा आणि बॅग केबिनच्या आतच ठेवा. सकाळी तुमच्या केबिनचा अटेंडंट, म्हणजे रोज केबिन आवरणारा मुलगा, ती स्वतः नेतो. एक-दोन दिवस आधी दाराशी पत्र येतं, त्यात तुमच्या जहाजाची पद्धत लिहिलेली असते. पत्र आलं नाही तर गेस्ट सर्व्हिसला जाऊन मागून घ्या. शेजाऱ्याचं बघून काही करू नका. त्याचं विमान आहे, तुमचं नाही.

दुसरी गोष्ट, कपाटातले कपडे. बऱ्याच जहाजांवर हँगरवरचे कपडे तसेच राहू द्यायला सांगतात. अटेंडंट चाकांचा रॅक आणतो आणि हँगरसकट नव्या कपाटात नेऊन लावतो. तरी लोक रात्री जागून सगळ्या साड्या घडी करून बसतात! काहून करता एवढं? फक्त ड्रॉवर, बाथरूम आणि तिजोरी रिकामी करा. पासपोर्ट, औषधं, दागिने, चार्जर हे पाठीवरच्या सॅकमधे. ती सॅक कोणाच्याही हातात द्यायची नाही. आणि सुया सॅकमधे. पेनाबरोबरच.

विसरायच्या जागा सांगून ठेवते. बाथरूमच्या दारामागचा हुक, फ्रिज, बाल्कनीत वाळत घातलेला पोहण्याचा कपडा, आणि भिंत. हो, भिंत. केबिनच्या भिंती पत्र्याच्या असतात, म्हणून आपण चुंबकाचे हुक लावतो, त्याला टोप्या-पिशव्या अडकवतो. तेच राहतात.

मधल्या वेळात काय होतं? जुनी केबिन सकाळी आठ-नऊला सोडायची, नवी साधारण दुपारी एकच्या सुमाराला मिळते. या चार-पाच तासांत केबिन नसते, म्हणून सासू-सासऱ्यांना घेऊन जाणाऱ्यांनी बसायची जागा आधीच ठरवून ठेवा. जेवणाची काळजी नको, बुफे असतो. पासपोर्टचं कामही याच वेळात होतं. कुठल्या लाउंजमधे किती वाजता जमायचं ते पत्रात असतं. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत आणि जे मायामीहून जाणार आहेत त्यांनी लक्षात घ्या, तिकडे थोडा वेळ का होईना, सगळ्यांनाच जहाजावरून उतरावं लागतं. जहाज पूर्ण रिकामं झाल्याची नोंद झाल्याशिवाय नवे प्रवासी चढत नाहीत. आणि सिंगापूरहून जाणाऱ्यांनी व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेशाचा आहे ना, हे नागपुरातच बघून घ्या. तिथे गेल्यावर काही करता येत नाही.

आता एक गोष्ट जी लोक टाळतात आणि ज्याचा मला मनापासून राग येतो. मस्टर ड्रिल, म्हणजे आणीबाणीत कुठे जमायचं त्याची तालीम. "आम्ही चार दिवसांपूर्वीच केली, आता काहून?" केबिन बदलली म्हणजे मस्टर स्टेशनही बदललेलं असू शकतं, म्हणून. आमचं बदललं. जुनं पाचव्या मजल्यावर पुढे होतं, नवं मागच्या टोकाला. 13 जानेवारी 2012 ला इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळली, 32 माणसं गेली. त्या दिवशी चढलेल्या प्रवाशांची तालीम दुसऱ्या दिवशी ठेवलेली होती. तेव्हा नियमच चोवीस तासांत घेण्याचा होता. नंतर तो बदलला, आणि 1 जानेवारी 2015 पासून जहाज निघायच्या आधी किंवा निघताक्षणी तालीम घ्यावीच लागते. रात्री अंधारात, अलार्म वाजत असताना, तुमचे पाय जुन्या जागेकडेच वळणार. म्हणून नव्या कार्डावरचं स्टेशन वाचा आणि केबिनपासून तिथपर्यंत एकदा चालून या. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून चालवून आणा. आम्ही सासऱ्यांना दोनदा नेलं.

शेजारच्या एका काकांनी विचारलं होतं की नागपूरच्या माणसाला हे समुद्राचं कशाला. काका, झिरो माइलपासून कुठलाही समुद्र लांबच. म्हणूनच तर. मुंबईकराला बॅलार्ड पिअर, म्हणजे क्रूझचा धक्का, टॅक्सीच्या अंतरावर आहे, चुकलं तर तो संध्याकाळी घरी. आपण रात्रभर गाडीत बसून तिथे पोचतो, वर्षभर पैसे साठवून पोचतो. आपली एक सकाळ हरवलेल्या बॅगेच्या मागे जाऊ नये, एवढंच मला वाटतं.

शेवटचं, टिप. केबिन बदलली की अटेंडंटही बहुतेक बदलतो. पहिल्याला जे द्यायचं ते सकाळी केबिन सोडतानाच द्या, नंतर तो सापडत नाही. त्याला दुपारपर्यंत सगळ्या केबिन नव्या लोकांसाठी तयार करायच्या असतात. आमचा अटेंडंट रत्नागिरीचा निघाला. चार दिवस इंग्रजीत बोलत होता, आणि त्या सकाळी सासऱ्यांनी "सुया, सुया" म्हटलं तेव्हा एकदम मराठीत म्हणाला, "आजोबा, बसा तुम्ही, मी येतो बरोबर." दवाखान्यापर्यंत तोच घेऊन गेला. आम्ही संत्रा बर्फीचा एक बंद डबा शेवटच्या दिवसासाठी राखला होता. तो त्याला दिला. पाकिटाबरोबर, सव्वाआठला, जुन्या केबिनच्या दारात.